सिमल्यातली केळी

पिकल्या केळ्यांचा वास आला की मला सिमला आठवतं. वादळानं रावेरची आमची केळीबाग आडवी केली, तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "आता केळी बंद." डोकं शांत व्हावं म्हणून आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. सहाव्या दिवशी सिमल्याचे चढ चढताना पाठ मोडली होती, देवदारांकडे बघायचंही त्राण नव्हतं. खालच्या बाजारात केळीवाला दिसला. आमच्या घरात केळी कधी विकत आणलेली नव्हती. भावानं आयुष्यात पहिल्यांदा घेतली. पायरीवर बसून एक सोललं, निम्मं खाल्लं. "याले काही चवच नाही रे," म्हणाला आणि घरी वडिलांना फोन लावला, "आबा, पडलेल्या खोडांशेजारी फुटलेली पिलं कापू नका. राहू द्या." आज त्या पिलांच्या पिलांचे घड वाहताना पाठ तश्शीच मोडते.