रॉकेलची बचत

वडीगोद्रीच्या पलीकडे एका खेड्यातल्या दवाखान्यात मला नर्सची पहिली नोकरी लागली, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! आई शेतमजूर. लेकीच्या हाती विळा येऊ नये म्हणून तिनं मला नर्स केलेलं. पांढरी साडी नेसून दवाखान्यात जाताना मी मुद्दाम लांबची वाट धरायचे.

आमचे डॉक्टर माणूस भला, पण भारी काटकसरी. इंजेक्शनच्या सुया स्टोव्हवर उकळायच्या आणि रॉकेल मोजकंच मिळायचं. पाण्याला उकळी फुटली रे फुटली की ते म्हणायचे, "सिस्टर, बास." सुया वीस मिनिटं उकळाव्या लागतात हे मी शिकून आले होते. पण नव्या नोकरीत तोंड कोण उघडणार? महिन्याच्या अहवालात 'रॉकेलची बचत' लिहिताना डॉक्टरांचा चेहरा खुलायचा.

ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, तोंडावर असताना वस्तीवरची एक मजूर बाई तापानं आली. मी तिला मावशी म्हणायचे. इंजेक्शन मीच दिलं. आठवड्यानं ती लंगडत परत आली, तर सुईच्या जागी लिंबाएवढं गळू. हे माझ्या हातचं, हे बघताक्षणी कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी गळू फोडलं आणि पंधरा दिवस वाकायचं नाही म्हणून बजावलं. मावशी पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "मंग सोंगणी कोण करील? हे पंधरा दिस गेले की वरसाचं खाणं गेलं." सोंगणीची मजुरी कणसांच्या पेंढ्यांत मिळायची. त्यावरच तिचं घर चालायचं.

मी पैसे देऊ केले.

"पैशे नको," ती म्हणाली. "माझी पात तू धर, माझ्या वाटची ओळ तू काप."

मी चार दिवस रजा टाकली. मावशी बांधावर पालथी पडून हुकूम सोडायची, "बुडातून काप की बाई. ज्वारीला सुई टोचून राह्यली का?" बाया हसून बेजार. माझ्या हातांना फोड आले आणि पेंढ्या बाकीच्यांच्या निम्म्यानंही झाल्या नाहीत.

कामावर परतल्यावर मी सुया पुरती वीस मिनिटं उकळायला लागले. डॉक्टर "बास" म्हणाले तेव्हा त्यांना नुसते तळहात दाखवले. त्यांनी पुन्हा कधी "बास" म्हटलं नाही. पण काही दिवसांनी वरच्या साहेबांचं पत्र आलं: रॉकेलचा वापर का वाढला, खुलासा करावा. मी ते मावशीला वाचून दाखवलं.

"लिव्ह त्यायला," ती म्हणाली, "रॉकेल वाचलं तवा खर्च कुठं झाला ते बघायचं आसंल तर आषाढात माझ्या घरी जेवायला या."

मी तसंच लिहिलं आणि डॉक्टरांनी खाली सही केली. साहेब काही आले नाहीत. आषाढात मावशीची ज्वारी संपली, तेव्हा एका संध्याकाळी ती दोन लेकरं घेऊन माझ्या खोलीवर आली. "तुझे साहेब न्हाई आले," ती दारातूनच म्हणाली, "मंग म्हणलं आपणच जावं."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी परातीत पीठ घेतलं. बैलपोळ्यापर्यंत ती तिघं माझ्याकडेच जेवली.