रिकामे खिळे

राजुऱ्याच्या घरात, स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंतच्या भिंतीवर अकरा खिळे होते. त्यांपैकी तीन खिळ्यांवर काही ना काही टांगलेलं होतं: एक कॅलेंडर, एक कापडी पिशवी आणि वडिलांची छत्री. बाकीचे आठ रिकामे होते. मी ते मोजले, कारण रंगाऱ्याला कामाची यादी द्यायची होती. यादीत मी लिहिलं, 'खिळे ११, काढून पुट्टी भरणे.'

तेव्हा मी चंद्रपूरच्या एका दैनिकात डेस्कवर होते. रविवारचं घरसजावटीचं पान माझ्याकडे होतं. मजकूर बाहेरून हिंदीत नाहीतर इंग्रजीत यायचा, मी तो मराठीत करायची. पडदे फिके असावेत, त्यामुळे खोली मोठी दिसते. चौकट आणि भिंत एकाच रंगात रंगवली की नजर अडत नाही. घर विकायला काढलं असेल तर कुटुंबाचे फोटो उतरवून ठेवावेत, येणाऱ्याला त्या जागी स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे. भिंतीवर खिळे नसावेत. यातलं काहीही मी स्वतः करून पाहिलेलं नव्हतं. पान वेळेवर जायचं, एवढीच माझी जबाबदारी होती.

राजुऱ्याचं घर वडिलांनी शिक्षकाच्या नोकरीत असताना बांधलं. एकामागे एक तीन खोल्या, शेवटच्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जाणारा बोळ, मग परसात उतरायची एक उंच पायरी, आणि परसाच्या टोकाला न्हाणी. घरासमोरून खाणीचे ट्रक जातात. वडील गेल्यावर आई तिथे एकटी राहत होती. मी दर रविवारी संध्याकाळच्या बसने जाऊन सोमवारी सकाळी परतायची. चार वर्षं हे चाललं. तिला काचबिंदू आहे आणि ती डोळ्यांत थेंब टाकते, हे मला माहीत होतं. थेंब संपले की मीच चंद्रपूरहून नेत होते. ती माझ्यासमोर पेपरातले मथळे वाचायची, तांदूळ निवडायची, चहा करून माझ्या हातात द्यायची. त्यामुळे थेंब लागू पडत आहेत असं मी धरून चालले.

चंद्रपुरात मी फ्लॅट घेतला तेव्हा तिला म्हटलं, आता इकडे ये, ते घर विकू.

"इथी मले काय कमी आहे?"

"एकटी किती दिवस राहशील?"

"चार वर्षं राह्यली नं? तू तं अशी बोलून राह्यली जशी कालच तुये बाबा गेले."

बऱ्याच रविवारांनंतर ती म्हणाली, "कोनी पाह्यले आलं तं पाहू." हा होकार आहे असं मी समजले. आमच्या रस्त्यावरचं दुसरं एक घर दोन वर्षं विकाऊ होतं. धुळीमुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं, आणि आईला ते माहीत होतं. ती होकार देत नव्हती, दिवस काढत होती. मला ते नंतर कळलं.

रंगारी राजुऱ्याचाच, साठीच्या आसपासचा. पूर्वी तो वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं आणि तो घरं रंगवू लागला. घर फिरून पाहताना तो म्हणाला, "मॅडम, म्या पडद्यावर शंभर बंगले रंगवले असन. पन एकाही बंगल्याले मागची भिंत नवती." आई मोठ्याने हसली. म्हणाली, "मंग भाऊ, आमच्या मागच्या भितीले हात नको लावू, तुले जमनार नाई." मीही हसले. ती विनोद करते आहे असंच मला वाटलं.

रंगाच्या वासाचा त्रास नको म्हणून मी तिला पाच दिवस बल्लारपूरला मावशीकडे पाठवलं आणि रजा घेतली. नऊ वर्षं मराठीत केलेल्या सूचना मी त्या पाच दिवसांत एकेक करून अमलात आणल्या. मधल्या खोलीतलं सागाचं कपाट परसातल्या शेडमध्ये नेलं, खोली खरंच दीडपट वाटू लागली. दिवाण खिडकीखाली सरकवला. चौकटी गडद निळ्या होत्या, त्या भिंतीसारख्याच बदामी केल्या. उंचसखल फरशीवर सलग विनाइल चिकटवलं. फोटो उतरवले. पांढरे पडदे लावले. तिसऱ्या दिवशी ते खालून राखाडी झाले, मी धुऊन परत लावले. खिळे निघाले, भोकं बुजली, भिंत घासून गुळगुळीत झाली. रंगारी ते खिळे काढताना थोडा थांबला होता, असं मला आठवतं. मी फोनवर होते.

आईला घेऊन आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ती दारात उभी राहिली.

"लय उजेड करून ठेवला."

"कसं वाटतं?"

"दवाखान्यावानी."

ती आत गेली. मधल्या खोलीत तिने उजवा हात पुढे केला, तो हवेतच राहिला, आणि ती थांबली. ती भिंती पाहते आहे, असं मला वाटलं. मग ती दिवाणाकडे निघाली, दिवाण तिथे नव्हता. तिने मला पाणी मागितलं. त्या घरात तिने कोणाकडे पाणी मागितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. प्रवासाने थकली असेल, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी मागच्या दाराचा दुसरा हात मारायला आला. आई त्याच्यासाठी चहा घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. एका हातात कप, दुसरा तळवा भिंतीला लावलेला. तळवा पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. कप कलला आणि चहा नव्या भिंतीवर सांडला. "घसरलं," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. रंगाऱ्याने कप घेतला, तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि मला परसात बोलावलं.

"मॅडम, बाईले दिसत नाई काय?"

"दिसतं. गेल्या रविवारीच पेपर वाचला तिने."

"समोरचं दिसत असन. बाजूचं नाई दिसत. माह्या अब्बाचं असंच होतं. सुई ओवत अन् दाराले धडकत."

मी मागच्या दारातून आत, चहा सांडलेल्या भिंतीकडे पाहिलं.

"खिळे काढले तवाच मले वाटलं. सगळे एकाच उंचीवर, हात जाईन तिथी. कॅलेंडरसाठी इतक्या खाली खिळा कोन ठोकते?"

"मग बोलले का नाही तुम्ही?"

"तुमची यादी होती," तो म्हणाला.

दुपारी मी आईला विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, वडील होते तेव्हापासून थोडं थोडं. ते गेल्यावर खिळे तिने स्वतः ठोकले, बत्त्याने. तिसरा खिळा म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा, सातवा म्हणजे पाण्याचा माठ. शेवटचा मागच्या दाराशी, त्याला हात लागला की खाली पायरी आहे हे कळायचं. कपाटाच्या कडेवरून दिवाण सापडायचा. चौकट निळी असल्यामुळे दार कुठे आहे ते दिसायचं. हे सगळं तिने रागावून नाही सांगितलं. एखादीला भाजीची कृती सांगावी तसं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तू दुसऱ्याच दिवशी उचलून नेली असती."

ते खरं होतं. त्या रिकाम्या खिळ्यांबद्दल मी एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "असू दे, लागतात." बातमीदारीच्या सुरुवातीला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की माहिती पहिल्या प्रश्नाला नाही, दुसऱ्या प्रश्नाला मिळते. दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या पायरीवरून पडली. मी समोर पडदे झटकत होते. डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

त्यानंतर चौथ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. ट्रकचे सुटे भाग विकणारा माणूस होता, सोबत त्याचा मेहुणा. मी खोल्या झाडून घेतल्या होत्या, पडदे पुन्हा धुतले होते. त्यांनी रस्त्यावर टेप धरून पुढची बाजू मोजली, ट्रक वळेल का ते पाहिलं आणि कागदपत्रं मागितली. मी आत या म्हटलं. तो माणूस पहिल्या खोलीत आला, उभ्यानेच पाणी प्यायला. "मॅडम, मले तं जागेशी काम आहे. हे पाडूनच टाकाचं आहे. रंग काहाले देला बाप्पा?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरच नवल होतं. मधली खोली त्याने पाहिली नाही.

आई दिवाणावर बसून ऐकत होती. तिने कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आता हात मोडल्यावर म्हणायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. व्यवहार ठरला. ताबा महिन्याने द्यायचा होता. ते लोक गेल्यावर ती म्हणाली, "महिनाभर तरी मले माह्या घरात राहू दे. होतं तसं करून दे."

मी रंगाऱ्याला बोलावलं. कपाट शेडमधून आणलं, पण ते नेमकं कुठे उभं होतं हे भिंतीवरून कळत नव्हतं, भिंत एकसारखी झाली होती. जमिनीवर त्याच्या पायांचे खड्डे होते, ते विनाइलखाली गेले होते. विनाइल उकलायला गेलो तर डिंकासोबत फरशीचे टवके निघू लागले. मग आई उभी राहिली आणि हाताने अंदाज घेत आम्हाला सांगू लागली. अजून इकडे. नाई, लय झालं. चार बोटं मागं. दिवाणाचंही तसंच. चौकटींसाठी रंगाऱ्याने घरून उरलेला निळा रंग आणला. आधीचा तो नव्हता, पण गडद होता.

खिळ्यांसाठी ती भिंतीला हात लावत सावकाश चालली. जिथे हात थांबला तिथे मी पेन्सिलने खूण केली. मागच्या दारापर्यंत गेली तेव्हा खुणा नऊ झाल्या होत्या. पुन्हा चालली तेव्हा खुणा दुसरीकडेच पडल्या. "मले ते डोक्यात नाई," ती म्हणाली, "हातात होतं." रंगाऱ्याने मधलं काहीतरी धरून खिळे ठोकले. पुट्टी नवी होती, काही ठिकाणी ढलपे निघाले आणि खिळा हलू लागला. सात पक्के बसले. शेवटचा, पायरीजवळचा, त्याने खूप वेळ लावून बसवला, आजूबाजूला सिमेंट भरलं आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला.

नंतर त्या रविवारच्या पानावर मी एकदा लिहिलं की घरात वयस्क माणूस असेल तर चौकटी भिंतीपेक्षा गडद असाव्यात, आणि सामान हलवण्याआधी त्या माणसाला घरातून एकदा चालायला सांगून मागून पाहावं. चार ओळी होत्या. कारण दिलं नाही.

खिळे त्या एकाच भिंतीला होते. मागे जाताना भिंत तिच्या उजव्या हाताला यायची, परत येताना डाव्या. डावा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, त्याला खिळा कळत नव्हता. त्यामुळे त्या महिन्यात ती मागच्या दारापर्यंत स्वतः जायची, पण तिथून परत येऊ शकायची नाही. मी रजा वाढवली होती आणि पुढच्या खोलीत सामान बांधत असायची. हाक मारलीस की येईन, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने हाक मारली नाही. माझ्या लक्षात यायचं तेव्हा मी जायची, तर ती दारात परसाकडे तोंड करून उभी असलेली दिसायची, कधी पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त झालेली असायची. मी दंड धरून तिला परत आणायची. ती म्हणायची, "तुयं काम होऊ दे नं आधी." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एकटी जायची. मी आधीच सोबत चालू लागले तर थांबायची आणि मी बाजूला होईपर्यंत पाऊल उचलायची नाही.

ताबा दिला त्या दिवशी ती ऑटोत पुढच्या बाजूला तोंड करून बसली. कपाट चंद्रपूरच्या फ्लॅटच्या जिन्यावरून चढलं नाही, ते रंगाऱ्याला दिलं. फ्लॅटमध्ये न्हाणी तिच्या खोलीला लागूनच आहे. मध्ये उंबरा नाही की पायरी नाही. तिथेही ती मला हाक मारत नाही, पण उठतही नाही. मी जाऊन विचारते.

प्लास्टर निघालं तेव्हा ताबा देऊन नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं आणि सांगितलं की हाड चांगलं जुळलं आहे, आता हा हात वापरायला काही हरकत नाही.