विनापरवाना सत्कार

केबलवाले काका घरात शिरले की आधी सेट-टॉप बॉक्सला एक चापट मारत, मग चहा मागत. "सरकारी लेकरू हाय हे, मारल्याबिगर बोलत न्हाय," म्हणत. सरकारच्या हुकमानं हे डबे घरोघर बसले, तेव्हापासूनचा हा राग. असे एक काका तुमच्याही गावात असतील; पण आमच्या भूममधल्या काकांचं स्वतःचं चॅनल होतं.

म्हणजे दुकानात एक कॅमेरा, मागं मखमली पडदा आणि समोर खुद्द काका. कोण वारलं, कुणाचं लग्न, नळाला पाणी कधी, बाजारात कुणाची शेळी चुकली, हे सगळं ते एकाच गंभीर आवाजात वाचत. दिल्लीच्या बातम्या कुणी मनावर घेत नसे. काका लागले की मात्र सगळी गल्ली घास हातात धरून बसे.

पुढं अशा चॅनललाही नोंदणी हवी, असा नियम आला. काकांकडं ती नव्हती.

"चॅनल गेलं तर म्या नुसता वसुलीचा माणूस उरतो, सर," ते एकदाच म्हणाले. तेवढ्यापुरती त्यांची नेहमीची टिंगल बंद होती.

कुणीतरी तक्रार केली आणि तपासणीला साहेब यायचे ठरले. मी काकांना म्हणालो, "त्या दिवशी चॅनल बंद ठेवा. एक दिवस गप्प बसलात तर काय होतंय?"

"व्हय व्हय, बंदच ठिवतो."

पण आमच्याकडं साहेब येतो आणि फेट्याशिवाय जातो, असं होत नाही. काकांच्या दुकानातच शाल आली, नारळ आला. आणि सत्कार म्हटल्यावर काकांचा हात सवयीनं कॅमेऱ्याकडं गेला. साहेबही रंगले. तुरा सावरत त्यांनी कायद्याच्या पालनावर भाषण ठोकलं. मी घरी टीव्हीवर पाहत होतो. भाषणाच्या शेवटी साहेबांना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला.

"हे कुठं दिसतंय?"

"सगळ्या भूमभर, साहेब!" काका अभिमानानं म्हणाले.

साहेबांनी कॅमेरा जप्त केला. शाल मात्र स्वखुशीनं नेली.

काका आता लेकीकडं लातूरला असतात, कायमचे. मला ते आठवतात खांबावर चढलेले. चॅनल गेल्यावर वायर जोडता जोडता ते वरूनच गल्लीला बातम्या देत. एकदा आमचीच वायर हातात होती.

"शिंप्याची सून बाळंत झाली हो! पोरगी झाली!"

गच्चीवर वाळवण घालणारी एक बाई ओरडली, "वजन किती, काका?"

"थांबा, इचारून येतो," म्हणत काका उतरले आणि शिंप्याच्या घराकडं निघाले. आमची वायर तशीच लोंबकळत राहिली.