खांबाजवळचं पान

दाजीकाकांना माणसं दिसायचीच नाहीत, पानं दिसायची. आळीत कुणाला मुलगा झाला म्हणून साखर आली, की ती तोंडात टाकायच्या आधी हे म्हणायचे, "बारशाला चाळीस पानं." कुणी फार आजारी आहे असं कानावर आलं तरी त्यांची बोटं हलायला लागायची. सासूबाई चिडायच्या, अहो भावजी, माणूस अजून जिवंत आहे! त्यावर दाजीकाका शांतपणे सांगायचे की म्हणूनच आत्ता मोजतोय, ऐन वेळी केळीची पानं कुठून आणायची?

ते माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. पेशव्यांचं राज्य तेव्हा भरात होतं आणि पुण्यात ज्याला त्याला काही ना काही हुद्दा होता. दाजीकाकांना कसलाच नव्हता. पण गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या घरात हुकूम चालायचा तो त्यांचाच. सासरेसुद्धा त्या दिवशी "दाजी, आता मी काय करू?" असं विचारायचे, आणि दाजीकाका म्हणायचे, "तू मधे येऊ नकोस, तेवढं पुरे."

मी लोणी काळभोरची, एका गरीब पुराणिकाची मुलगी. सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, अशी या घरची रीत. दाजीकाकांनी ती माझ्यापुरती मोडली. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसायचे आणि विचारायचे, "सूनबाई, डाळ किती भिजवलीस?" आणि उत्तरासाठी थांबायचे. त्या घरात माझ्या उत्तरासाठी थांबणारा हा एकच माणूस. माझा जीव त्यांच्यावर का जडला, हे आणखी काय सांगायचं?

गौरी यायच्या आठ दिवस आधी त्यांची तयारी सुरू व्हायची. एक पिशवी उलटी करून ते जमिनीवर सुपाऱ्या मांडायचे. एक सुपारी म्हणजे एक माणूस. आमच्या ओसरीवर चोवीस पाट बसत, म्हणून पहिल्या पंगतीच्या सुपाऱ्या चोवीस. मग त्या तासन्‌तास इकडून तिकडे हलायच्या. ज्यांचं आपसांत पटत नाही त्यांच्यामध्ये एखादा बहिरा, दात नसलेल्याला कढी वाढणाऱ्याच्या जवळ, बडबड्याला टोकाला. कात्रजच्या नळाचं पाणी हौदावरून किती खेपांत आणायचं, अळू कुणी चिरायचं, पुरण कधी शिजायला टाकायचं, सगळं त्या सुपाऱ्यांवरून ठरायचं. सोळा भाज्या करताना माझी कधी घाबरगुंडी उडाली नाही ती त्यांच्यामुळे.

त्यांची दोन वाक्यं घरात सगळ्यांना पाठ होती. पहिलं, "आवतण देणारा यजमान नव्हे, बोलावणं करणारा यजमान." आमच्याकडे आवतण आदल्या दिवशी जातं, पण तेवढ्यावर कुणी जेवायला येत नाही. पानं मांडून झाली की घरचं माणूस पुन्हा दारोदार जाऊन बोलावणं करतं, तेव्हा पाहुणा सोवळं नेसून निघतो. तोवर तो आपल्या घरी उपाशी बसून राहतो. हे काम दाजीकाका दुसऱ्या कुणाला देत नसत. खडावा वाजवत जायचे आणि प्रत्येक दारात तेच सांगायचे, "पानं मांडली, चला." दुसरं वाक्य, "पान कमी पडलं तर आपलं उचलावं." आणि ते खरंच उचलायचे. दरवर्षी कुणीतरी आगंतुक यायचा, आणि दाजीकाका आपली सुपारी उचलून कोनाड्यात ठेवायचे, तिसऱ्या पंगतीत बायकांबरोबर उरलंसुरलं जेवायचे.

लग्नानंतर सात वर्षांनी मला मुलगा झाला. सगळ्यांना नातवाचा आनंद. मला आणखी एका गोष्टीचा. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नसतं. सात वर्षं आप्पा यायचे, दारातल्या दारात मला बघायचे, आणि पाणीसुद्धा न पिता लोणीची वाट धरायचे. आता ते जेवू शकत होते. दाजीकाकांनी त्या वर्षी सुपारी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या आप्पांची जागा तू ठरव." मी ती खांबाजवळ ठेवली. आप्पांची पाठ दुखायची, टेकायला बरं. दाजीकाकांनी मान डोलावली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेसुद्धा.

आप्पा आदल्या दिवशी चालत आले आणि बुधवार पेठेत एका ओळखीच्यांकडे उतरले. मी पहाटेपासून पुरण वाटत होते. नैवेद्याची वेळ होत आली आणि आमच्या यांच्या फडावरचे, म्हणजे सरकारी दफ्तरातले, कारभारी तिघांना घेऊन गौरी बघायला आले. सासऱ्यांनी जेवायचा आग्रह केला. पुण्यात आग्रह करतात तो समोरच्यानं नाही म्हणावं म्हणून. हे गृहस्थ हो म्हणाले.

मला आत यातलं काही कळलं नाही. पंगत बसली आणि मी तूप वाढायला गेले. सुनेनं मान वर करायची नसते, त्यामुळे मला फक्त पानं आणि हात दिसत होते. मग खांबाजवळचं, आप्पांचं पान आलं. मी पोळीवर तुपाची धार सोडली आणि सोडतच राहिले. सात वर्षांचं साचलेलं होतं ते. मग वरून आवाज आला, "पुरे, सूनबाई."

आवाज दाजीकाकांचा होता.

मला वाटलं जागा बदलली असेल. मी सगळी ओसरी फिरले, चोवीसही पानांवर तूप वाढलं, आप्पांचा हात कुठेच नव्हता. आत आले तर कोनाड्यात चार सुपाऱ्या होत्या. तीन घरच्या मुलांच्या, चौथी आप्पांची. विसरलं असतं तर ती जमिनीवरच राहिली असती.

पंगत उठल्यावर मी रीतभात सोडून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं. त्यांनी नजर चुकवली नाही, हे खरं. म्हणाले, "व्याह्याला पहिल्यांदा बोलावून दुसऱ्या पंगतीत बसवलं असतं, तर तो त्यांचा अपमान. बोलावणंच गेलं नाही, तर ती माझी चूक. चूक मी अंगावर घेतली, सूनबाई." किती नीट मांडलेलं होतं! मी विचारलं की मग तुमचं पान? तेव्हा मात्र ते खाली बघू लागले. कारभाऱ्यांनी हात धरून शेजारी बसा म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणा बड्या माणसानं त्यांना शेजारी बसवलं होतं, आणि त्यापुढे माझा बाप कुठे उभा राहणार?

आप्पा दिवेलागणीपर्यंत सोवळं नेसून, उपाशी, त्या ओळखीच्यांच्या ओट्यावर बसून होते. हाकेच्या अंतरावर. चार जणांनी सांगितलं, मुलीचंच घर आहे, जा की. ते म्हणाले, बोलावणं आल्याशिवाय कसं जायचं, सासर आहे तिचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातवाला बघायला दारात आले. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, काल पोट बरं नव्हतंच. बरं झालं, आग्रहातून सुटलो." मी थांबा म्हटलं, पोळी करते म्हटलं. ते हसले आणि निघाले. माघात ते गेल्याचा निरोप आला.

दाजीकाका त्यानंतर अकरा वर्षं होते. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. घरात राहून अबोला धरणं सुनेला परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावरची मायाही मेली नव्हती. तीच तर मेली अडचण होती. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. सुपाऱ्या आता मी मांडायची आणि बोलावणं करायला आमच्या यांना धाडायची. पहिलं बोलावणं सगळ्यांत लांबच्या, सगळ्यांत गरीब घरी. खांबाजवळ पान मांडायची, पण तिथे कुणाला बसवायची नाही. का, असं दाजीकाकांनी कधी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. गौरीजेवणाच्या सकाळी मी त्यांच्या उशाशी सुपाऱ्या मांडल्या, बघा म्हटलं, बरोबर आहे का. त्यांचीही सुपारी मी नेहमीसारखी मांडली होती, पण त्या वर्षी पाहुणे वाढले होते, एक जागा कमी पडत होती. त्यांनी बराच वेळ बघितलं, खांबाजवळच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि मग हळूच म्हणाले, "ही राहू दे. माझी उचल."

"ती तेव्हा उचलायची होतीत, काका," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी नैवेद्य झाल्यावर मी त्यांचं ताट आधी वाढलं, पुरणाच्या पोळीचा मऊ तुकडा दुधात कुस्करला आणि त्यांना भरवला. चार घास गेले. पाचव्याला त्यांनी माझा हात धरला, "पुरण छान झालंय" म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. माझ्या हातचं दाजीकाका जेवले. आप्पा कधीच जेवले नाहीत.