पणजीच्या नावाची लाट

मी विज्ञानाचा मास्तर. दसऱ्याच्या अंबारीचा हत्ती येऊन माझ्याशी इंग्रजीत बोलला, तरी आधी त्याच्या कानामागे स्पीकर आहे का ते बघेन... असा माणूस! अर्ध्या म्हैसूरला गुरुत्वाकर्षण मीच शिकवलंय. उरलेलं अर्धं अजून तरंगतंय. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा.

सरस्वतीपुरमच्या घरात आम्ही दोघंच — मी आणि माझी आत्या, नव्वदीच्या घरातली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले मराठे. निवृत्त झाल्यावर मी वंशावळीच्या एका वेबसाइटवर घराण्याचं झाड उभं केलं. पुरुष पटापट सापडले. पणजीपाशी अडलं. सगळं घर तिला अव्वा म्हणायचं, म्हणून मी नावाच्या जागी 'अव्वा' टाकलं. वेबसाइटनं कर्नाटकातल्या लाखभर अव्वा माझ्यापुढे ओतल्या!

"अय्यो, अव्वा म्हणजे नुसतं आई की रे!" आत्या म्हणाली. "सुना सासूचं नाव घेत नव्हत्या. पोरांना कुठून कळणार?"

"आणि पणजोबा?"

"ते 'अगं' म्हणायचे. संपलं."

मी हसलो. ती हसली नाही. दर पितृपक्षात टी. नरसीपूरच्या संगमावर मी तर्पण करतो. पणजीची पाळी आली की मी अडतो, आणि भटजी कुठलं तरी ठरीव नाव घालून पुढे जातात.

"माझी अव्वा तहानलेलीच," आत्या म्हणाली, "आणि पाणी पिते दुसरीच कोणी. मी जायच्या आत एवढं कर."

पितृपक्ष तोंडावर आला होता. एका दुपारी, गल्लीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवायचं म्हणून मी एक विज्ञानाची साइट उघडून बसलो होतो. झकास साइट! माइकपुढे बोललं की आवाजाची लाट पडद्यावर उमटते. करंट गेलेला, लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, रस्त्यावरच्या स्कूटरीसुद्धा झोपलेल्या. आम्ही दोघं गप्प. पडद्यावरची रेघ सपाट...

आणि ती उठली. लहान उंचवटा, मोठा, पुन्हा लहान. थांबली. परत तीच. मी माइकवर तळवा दाबला — तरी तीच! मी ती लाट पडद्यावर गोठवली.

"आत्या, काही बोललीस?"

"सुम्मने, गप बसलेय की मी!"

मग ती पडद्याजवळ सरकली. बराच वेळ बघत राहिली. "हाक मारतंय रे कुणी..." आणि माइकपुढे जुन्या बायकांचं एकेक नाव म्हणू लागली. तुळसा — नाही. गोजरा — नाही. काशी — नाही. मग जरा थांबून, अगदी हळू, "यमुना".

नवी लाट गोठलेल्या लाटेवर अशी बसली, की मधून मुंगीही गेली नसती. माझ्या अंगावर काटा आला... काटा कसला, साळिंदर झालो मी!

मंडी मोहल्ल्यातल्या रिपेअरवाल्यानं माइक उघडून पाहिला. "चांगला आहे की, मास्तर," म्हणाला. संशयानं बघितलं ते माझ्याकडे.

संगमावर त्या वर्षी मी भटजींना थांबवलं आणि यमुना म्हणून पाणी सोडलं. आत्या वरच्या पायरीवर बसली होती.

"खात्री आहे ना तुझी?" मी परतताना विचारलं.

"खात्री कसली रे? पण आज पाणी सोडताना तुझा आवाज अडला नाही."

घरी येऊन मी झाडात यमुना लिहिलं. त्याखाली वेबसाइट विचारते — ही माहिती कुठून मिळाली? आयुष्यभर पोरांवर 'पुरावा कुठाय?' म्हणून ओरडलेला मी... तिथं बोट ठेवतो, आणि उचलून घेतो.