ज्या रविवारी ताट पुढे गेलं नाही

दोन वर्षं मी या ग्रुपवर नुसती वाचत बसलेय. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या स्वयंपाकघरात भांडी आपोआप पडतात... आणि मी चहा पीत पीत मनात म्हणायची, मांजर असेल हो! स्वभावच तसा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात टिळकवाडीत माझं छोटंसं क्लिनिक आहे, आणि माझा विश्वास अंशांवर. हात किती अंश वर जातो, मान किती अंश वळते. जे मोजता येत नाही त्याच्या नादी मी लागत नाही.

आणखी एक सांगते. आम्ही ख्रिस्ती, माहेर निपाणीचं. त्यामुळे आजाऱ्यांसाठी प्रार्थना, डोक्यावर हात ठेवणं, हे सगळं लहानपणापासून बघत आलेय. देव मानते मी, उपासनेलाही बसते. पण प्रार्थना केली आणि दुखणं पळालं, असं कुणी सांगायला लागलं की मी तिथून उठते. त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या आज्जीच्या छातीत दुखायला लागलं. माझे धाकटे काका – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हायस्कूलमध्ये मास्तर होते – म्हणाले, गाडी काढतो, कोल्हापूरला नेऊ. माझे वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा चर्चच्या मंडळीतले पंच होते. तंबाखूच्या वखारीत सगळी नोकरी झालेली, बोलणं कमी, विश्वास मोठा. ते म्हणाले, जरा थांब, आधी प्रार्थना करू. आज्जीलाही घर सोडायचं नव्हतं. आप्पांनी तिच्या कपाळावर उजवा हात ठेवला आणि गुडघ्यावर बसून प्रार्थना केली... दिवे लागायच्या आत आज्जी गेली.

दुसऱ्या दिवशी माती देऊन झाल्यावर, सगळी मंडळी तिथेच उभी असताना, अण्णा बोलले. "दादा, आई तुझ्या प्रार्थनेनं गेली. लक्षात ठेव."

आप्पांनी पंचपद सोडलं. दोघा भावांचं बोलणं त्या दिवशी संपलं ते संपलंच.

गंमत अशी की घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि चर्च एकच. अण्णा डावीकडे तिसऱ्या बाकावर, आप्पा उजवीकडे सहाव्या. पाऊस असो, ताप असो, दोघंही हजर. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – एका ताटात भाकरीचे बारीक तुकडे असतात, ते ताट बाकांवरून हातोहात पुढे जातं, प्रत्येकानं एक तुकडा घ्यायचा. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कुणाविषयी मनात अढी असेल तर आधी समेट करा, मग घ्या. लोक मान हलवतात आणि घेतात. अढी काय, कुणाच्या मनात नसते?

पण हे दोघे एकाच आईचे! इतके प्रामाणिक, की अढी ठेवून तुकडा उचलायचा नाही. आणि इतके हट्टी, की अढी काही सोडायची नाही. अण्णांच्या हातात ताट आलं की ते न घेता शेजाऱ्याकडे द्यायचे. फिरत फिरत तेच ताट आप्पांकडे यायचं, तेही न घेता पुढे द्यायचे. सहा वर्षं. सगळ्या चर्चला पाठ झालं होतं. आई वैतागून म्हणायची, "दोघांनी मिळून उपास धरलाय. मोडायचा कुणी?"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आप्पांचा उजवा खांदा धरला. शुगर आहे त्यांना, अशा माणसांचा खांदा धरतो, नवल नाही. मी दर शनिवारी बेळगावहून निपाणीला जायची, शेक, व्यायाम, सगळं स्वतः करायची. बाजूनं हात वर घेताना ऐंशी अंशांवर अडकायचा. त्यांनी उचलला तरी ऐंशी, त्यांनी अंग सैल सोडून मी उचलला तरी ऐंशी. ज्यांना यातलं कळतं त्यांना या दुसऱ्या ऐंशीचा अर्थ कळेल. माणूस घाबरून हात आखडून धरतो तेव्हा आपल्याला जाणवतं. इथे तसं नव्हतं. आत खरोखरच घट्ट झालं होतं. सदऱ्याच्या बाहीत हात घालायलासुद्धा आई लागायची.

पाच महिन्यांत एक अंश फरक नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते कानडी वळणानं म्हणाले, "नोडी, बघा मॅडम, भूल देऊन खांदा मोकळा करू या. पुढच्या गुरुवारी घेऊन या." आप्पा नाही म्हणाले. किती समजावलं, नाहीच. त्या शनिवारी मी अगदी भांडायच्या तयारीनं गेले.

"आप्पा, दहा मिनिटांचं काम हाय. का न्हाय म्हणताय?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "ह्यो हात देवानं धरलाय, पोरी. ह्याच हातानं प्रार्थना केलती न्हवं आईवर? तो सोडंल तवा सोडंल. डॉक्टरनं सोडवून काय उपेग न्हाय."

मला राग आला. "देवाला दुसरं काम न्हाय व्हय?" असं काहीतरी बोलले. पण खरं सांगते, त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही. 'तुमची चूक नव्हती' – एवढे तीन शब्द. ओठांवर आले आणि तिथेच राहिले, कारण मलाही सहा वर्षं आतून तेच वाटत होतं. गाडी काढली असती तर? अण्णा उघड बोलले, मी गप्प राहिले, एवढाच फरक. स्वतःची लाज वाटली. मी गपचूप हात मोजला, ऐंशीच होता, आणि वहीत लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार.

उपदेश झाला, मग पाळकसाहेबांनी आजाऱ्यांना प्रार्थनेसाठी पुढे बोलावलं. सात-आठजण गेले. आप्पा जागेवरून हलले नाहीत. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते, अगदी खेटून. मग प्रभुभोजनाची वेळ झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटत नाही, जुनी खोड आहे, आई अजून रागावते. त्यामुळे पुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी बघितलंय.

आप्पा मान खाली घालून, डोळे मिटून बसलेले. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर, डाव्या हातानं धरलेला. ताट डावीकडच्या तिसऱ्या बाकावर पोचलं. अण्णांनी ते हातात घेतलं... आणि शेजाऱ्याला दिलंच नाही. त्यांनी एकदम उजवीकडे वर बघितलं, कुणी शेजारी येऊन उभं राहिल्यावर बघतो ना, तसं. मधल्या वाटेत तर कुणीच नव्हतं. मग ते ताट घेऊन उठले आणि सरळ आमच्याकडे चालायला लागले. ताट वाटणारे पंच बिचारे भांबावून त्यांच्या मागे मागे. पेटीवाल्यानं वाजवणं थांबवलं. आता इथे आणखी एक तमाशा होणार, असं मला वाटलं.

अण्णा उंच आहेत. आमच्या बाकाशी येऊन उभे राहिले, दोन्ही हातांत ताट, त्यामुळे वाकताही येईना. म्हणाले, "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी बोललो ते."

आप्पांनी डोळे उघडले. "माझं बी चुकलंच असंल, बाळू," म्हणाले, आणि बसल्या जागेवरून हात वर करून भावाच्या गालावर ठेवला.

उजवा हात.

मला कळायला दोन क्षण गेले. बसलेल्या माणसाचा हात, उभ्या उंच माणसाच्या गालापर्यंत, कोपर सरळ! मी आयुष्यात हजारो खांदे बघितले असतील, त्या हालचालीचं नाव मला माहीत आहे, आकडा माहीत आहे, आणि ती त्या खांद्यात शक्य नव्हती. आप्पांच्या तर लक्षातही नव्हतं. ते रडत होते. अण्णाही रडत होते. मग त्याच ताटातून दोघांनी एक-एक तुकडा घेतला, आणि मागून आईचा मोठ्यानं हुंदका आला. मीही रडले, लपवत नाही. सहा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या मी हात मोजला. एकशे पासष्ट. पुन्हा मोजला, एकशे पासष्ट. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "न्हाय गं. सोड आता, भूक लागलीया."

अण्णा जेवायला आमच्याकडेच आले. आईनं घाईघाईनं केलेलं मटण तिखट झालं होतं, तरी तिघांनीही रश्श्यात भाकरी कुस्करून हाणली. जेवणं झाल्यावर आप्पा परसात गेले आणि दोरीवरचे कपडे काढायला लागले. उजव्या हातानं, एकेक. "ओली हायती अजून! कशाला काढताय?" आई ओरडत होती, पण ऐकतंय कोण.

मी अण्णांना पाणी दिलं आणि म्हटलं, "अण्णा, बरं झालं तुम्ही उठून आलासा."

ते हसले. "मी कुठला येतोय? दादाच आलता की आधी माझ्याकडं."

"कवा?"

"ताट हातात आलं तवा. बाकाशेजारी येऊन हुबा ऱ्हायला, ह्यो असा उजवा हात पुढं करून. म्हणून तर उठलो. न्हाईतर सहा वर्षं उठलो न्हाय, तो आजच उठतोय व्हय? उठून बघतोय तर ह्यो परत आपल्या जाग्यावर. म्हटलं, लई चपळ झालाय म्हातारा."

मी म्हटलं, आप्पा माझ्याशेजारी बसलेले होते, मी डोळे उघडे ठेवून बघत होते, ते हललेसुद्धा नाहीत. अण्णांचा चेहरा बदलला. मास्तर माणूस, माझ्यासारखाच चिकित्सक. मी विचारलं, "काय बोलले का तुमच्याशी?"

"बोलला की. 'बाळू, जेवायचं न्हाय व्हय?' एवढंच."

मी परसात गेले. आप्पांना अण्णांचं काही सांगितलं नाही, मुद्दामच. त्यांच्या हातातले कपडे घेतले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, मघाशी डोळे मिटून कसली प्रार्थना करत हुतासा?"

"प्रार्थना कसली गं... आई गेल्यापासनं मला तोंड हाय कुठं प्रार्थना कराय?" मग म्हणाले, "बाळूकडं गेलतो."

"म्हंजे?"

"मनातनं गं. म्हटलं, किती दिवस उपाशी बसायचं दोघांनी. मनातल्या मनात उठलो, त्याच्या बाकापाशी गेलो, हात पुढं केला. म्हटलं, बाळू, जेवायचं न्हाय व्हय?"

ओला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला.

आता या गोष्टीला आठेक महिने झालेत. डॉक्टरांनी खांदा तपासला, होतं कधी कधी, म्हणाले, आणि मला माहीत आहे की असं होत नाही. एखाद्या खांद्याचं एक वेळ सोडून देऊ. पण अण्णांनी जे बघितलं आणि ऐकलं त्याचं काय? आसपासच्या बाकांवर मी हळूच विचारून बघितलं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. कमेंटमध्ये लिहा काय लिहायचं ते, मी सगळं वाचेन. मांजर असेल म्हणालात तरी चालेल. हे मोजायला माझ्याकडे काही नाही, आणि नवल म्हणजे त्याचा त्रासही होत नाही. शनिवारी न बोललेले ते तीन शब्द मात्र मी त्या रविवारी दुपारीच परसात आप्पांना बोलून टाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दोघे भाऊ आता चौथ्या बाकावर एकत्र बसतात आणि उपदेश चालू असताना गप्पा मारतात, म्हणून पाळकसाहेब वैतागलेत.

त्या दुपारी मी आप्पांना शेवटचं एकच विचारलं होतं. म्हटलं, "एवढं मनातनं गेलासा, तर मग खरंच उठून का गेला न्हाईसा?"

"गुडघं धरल्यात गं, पोरी," ते म्हणाले. "उठाय लई येळ लागतोय मला."

गुडघ्यांवर माझे उपचार चालू आहेत. तिथे अजून तरी चमत्कार वगैरे काही नाही.