दिवेलागणीला दिलेली मूठ

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तो खालमानेनेच. मी घरातला पहिला बी.एस्सी., भरवेलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. माझ्याच सांगण्यावरून बाबांनी शेतातल्या सगळ्या बांध्यांत धानाचं नवं बियाणं लावलं होतं. घरचं काळ्या कुसळाचं जुनं धान, बियाण्यासकट, आम्ही भरडून खाल्लं. नव्या धानाला कीड लागली, लोंब्या पांढऱ्या पडल्या. जुनं धान गावात दुसऱ्या कोणाकडेच उरलं नव्हतं.

पोचट लोंब्या घेऊन मी धानाच्या संशोधन केंद्रावर निघालो, तर आई म्हणाली, "मीबी येतो."

तिथल्या टेबलांवर धानाच्या लहान लहान राशी होत्या. खळ्यात शिरताना काढतात तशा आईने दारातच चपला काढल्या. तिथल्या साहेबांनी लोंबीखालचा देठ चिरून आतली अळी दाखवली, औषध सांगितलं. आईचं लक्ष नव्हतं.

"ते राहू द्या साहेब. काळ्या कुसळाचं धान हाये का तुमच्यापाशी? भात लाल होते त्याचा."

साहेबांनी कपाटातून एक पाकीट काढलं. "देखो माँजी, यही है क्या?"

आईने दाणा दाताखाली फोडला. "हौ! हेच."

पाकिटावर आमच्याच गावाचं नाव होतं. मग मला आठवलं. मी शाळेत असताना नमुने गोळा करणारा एक माणूस दिवेलागणीला दारी आला होता. बरकत जाते म्हणून त्या वेळी घरातलं बियाणं बाहेर देत नाहीत. आईने मूठभर दिलं. तेव्हापासून पीक जरा कमी झालं की बाबा आईला म्हणायचे, "दे अजून दिवेलागणीले!"

गावाच्या नावाखाली बाबांचं नाव होतं. मी वाचून दाखवलं.

"काहून? देल्लं म्या, अन् नाव तुह्या बाबाचं?"

साहेब हसले. ते धान दरवर्षी पेरून त्यांनी जिवंत ठेवलं होतं. त्यातलं मूठभर त्यांनी आम्हाला बांधून दिलं. परतीच्या बसमध्ये मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

घरी आईने पुडी बाबांच्या हातात ठेवली. "घ्या. तुमचं नाव हाये तिथं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी पुडी सोडून दाणे तळहातावर फिरवले.

"वाढलं का शेजाऱ्यालेबी दे थोडं," ते आईला म्हणाले. "दिवेलागणीलेच दे."